घालून चाल, मग सांग

रफीकभाईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून नुकताच गाडीत बसलो होतो. "अविभाई, आपला सदा गेला," एवढंच तो म्हणाला. अशी बातमी आली की माणसं विचारतात, काय झालं, कधी झालं, घरी कळवलं का. मी विचारलं, "कुठे? डोंगरात?" रफीकभाई म्हणाला, "डोंगरात कशाला? दुकानात. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होता. नाडी बांधता बांधता तसाच पुढं कलंडला." माझा विश्वास बसला नाही. दुःखाने माणसाचा विश्वास बसत नाही, तसं ते नव्हतं. मला खरोखरच वाटलं की रफीकभाई काहीतरी लपवतोय. गुरुवारची संध्याकाळ, भरलेलं दुकान, समोर पाचसहा गिऱ्हाइकं, आणि त्यांच्यादेखत हृदय बंद पडून आलेलं मरण. इतकं साधं काही सदाच्या बाबतीत घडेल हे माझ्या डोक्यात शिरेना. आज हे लिहिताना लाज वाटते आहे. पण लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. माझा मित्र गेला त्या घटकेलाही मी त्याच्यावर संशय घेत होतो.

सदानंद पाष्टे, मूळचा राजापूर तालुक्यातला, वय चोपन्न. त्यातली एकवीस वर्षं मस्कतमध्ये गेली आणि ती जवळजवळ सगळी रुवीतल्या एकाच दुकानात. शिकारीच्या आणि डोंगरभटकंतीच्या सामानाचं ते दुकान. तंबू, दुर्बिणी, दोर, ससाण्याला हातावर बसवायचे जाड चामडी हातमोजे, आणि मागची अख्खी भिंत बुटांची. ओमानमध्ये रानातल्या जनावराला हात लावायला बंदी आहे, आणि ती नावापुरती नाही. आमच्यासारखा परका माणूस त्यात सापडला तर नोकरी, व्हिसा, सगळंच खलास. तरीही शिकारीचे बूट इथे खपतात. ससाणे पाळणारे हौशी ओमानी हिवाळ्यात रीतसर परवाने काढून दुसऱ्या देशांत शिकारीला जातात, आणि बाकीचे आमच्यासारखे लोक ते बूट घालून वाड्यांमधून चालतात. वाडी म्हणजे आपली चार घरांची नव्हे. इथे डोंगरातल्या नदीच्या पात्राला वाडी म्हणतात, वर्षभर बहुतेक कोरडं, कुठे कुठे गुडघाभर पाणी आणि बाकी सगळे गोटे.

आमची ओळख झाली ती त्याने मला बूट विकायला नकार दिला म्हणून. मी रस्त्यांच्या सर्वेक्षणाचं काम करतो. अकरा वर्षांपूर्वी मी नवा होतो आणि कंपनीने सांगितलं होतं की एका महिन्यात शर्कियाच्या वाळूत जायचंय, मग जबल अख्दरच्या डोंगरावर, आणि पावसाच्या दिवसांत सलालाला. मी सकाळी दहा वाजता दुकानात गेलो आणि म्हटलं, सगळीकडे चालेल असा एक चांगला बूट द्या. माझ्या बोलण्यावरून त्याने ओळखलं असावं, कारण हिंदी सोडून तो एकदम गावच्या बोलीवर आला. "सगळीकडं चालनारा बूट म्हंजे सगळ्यांशी गोड बोलनारा मानूस. त्याच्यापासून जरा लांबच ऱ्हावा." मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा कुठला घेऊ. तर म्हणाला, "आता नाय. संध्याकाळी या. सकाळच्याला पाय खोटं बोलतो."

हा माणूस वेडा आहे की लबाड, हेच मला कळेना. संध्याकाळी मुद्दाम गेलो, ते त्याला पकडायला. तेव्हा कळलं की दिवसभर चालून, उभं राहून पाय थोडा सुजतो आणि डोंगरात तोच सुजलेला पाय बुटात असतो; सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावायला लागतो. मग त्याने मला खाली बसवलं, दोन्ही पाय एका जाड वहीवर ठेवायला लावले आणि पेन्सिलीने त्यांच्या कडा आखून घेतल्या. डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबराने मोठा निघाला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. दुकानाच्या कोपऱ्यात त्याने स्वतः ठोकलेली एक उतरती फळी होती, आणि तिच्यापुढे पत्र्याचे तीन मोठे ट्रे: एकात वाळू, एकात वाडीतले गोल गोटे, एकात डोंगरातले धारदार दगड. गिऱ्हाइकाने बूट घालून आधी फळीवरून खाली उतरायचं. बोटं पुढे टेकली की बूट परत. मग तिन्ही ट्रेंमधून चालायचं. शेजारच्या दुकानातली माणसं दारात येऊन ही गंमत बघत. मी लाजत लाजत चाललो आणि तिसऱ्या ट्रेमध्ये माझा पाय मुरगळला, तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, "बगा, हितं मुरगाळला त्ये बरं."

बुटांवर या माणसाचा काडीचा विश्वास नव्हता. नवं खोकं आलं की तो आधी वास घ्यायचा, कारण मस्कतच्या उन्हात गोंद सुटतो आणि सुटायच्या आधी वास बदलतो, असं त्याचं म्हणणं. मग अंगठ्याचं नख सोलमध्ये दाबायचा. गोदामात पडून राहिलेल्या बुटाचा तळ दिसायला नवा कोरा असतो, पण आतून कुजलेला असतो आणि पहिल्याच चढावर त्याचा भुगा होतो. "वापरल्यानं बूट मरत नाय, ठेवल्यानं मरतो," हे मी त्याच्याकडून किमान शंभरदा ऐकलं असेल. वॉटरप्रूफ लिहिलेला बूट दिसला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. "पानी आत येत नाय म्हनतात. ठीक हाय. पन वाडीत गुडगाभर पान्यात उतारलास नि वरनं आत आलं, तं त्ये भायेर कुटनं जानार?" त्यामुळे वाडीत तो पाणी गाळून टाकणारा बूट द्यायचा, वाळूत हलका, उंच घोट्याचा आणि जाळी नसलेला, कारण जाळीतून वाळू शिरते. जबलच्या दगडांना कडक तळाचा. सलालाच्या चिखलाला तळाची नक्षी खोल आणि विरळ, म्हणजे चिखल अडकून न बसता झडून जातो. आणि युरोपातल्या बर्फासाठी केलेला अस्तराचा महागडा बूट कुणी मागितला की विचारायचा, "पाय शिजवून खानार हायस काय?" मॅनेजर समोर असला तरी विचारायचा.

दुकानातला सदा आमच्या घरातला सदाकाका कधी झाला ते सांगता येणार नाही. आम्ही अल हैलला राहतो, तो दार्सैतला कृष्णमंदिराजवळ रफीकभाईबरोबर एका खोलीत. बायको, सुनीतावहिनी, गावी. मुलगा शिकून पुण्याला लागलेला. शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, येताना माझ्या बायकोसाठी, मृणालसाठी, न चुकता मासळीबाजारातून काहीतरी आणायचा, आणि आल्या आल्या आमच्या दाराशेजारच्या चपलांच्या रॅकपुढे उकिडवा बसायचा. आमच्या चपलांची तपासणी झाल्याशिवाय तो आत यायचा नाही. आमच्या मुलीचे, इराचे, शाळेचे बूट तर दर तीन महिन्यांनी. "अंगठा वर कर गो," म्हणत तो वरून चाचपून बघायचा. ती चिडायची. तिचं मराठी अडखळतं, ती म्हणायची, "काका, माझा फूट आहे, मला समजतो ना!" जेवण झालं की त्याच्या वडिलांचा विषय निघायचा. ते गावचे शिकारी. डुकरं शेतात शिरली की हाकारे घालून त्यांना उठवायचं आणि मांस अख्ख्या गावात वाटायचं, अशा दिवसांतले. आयुष्यभर पायात वहाणा. लष्करातल्या भावाने एकदा आपले जुने बूट पाठवले, ते म्हाताऱ्याने खुंटीला टांगून ठेवले आणि येईल त्याला दाखवले, पण पायात कधी घातले नाहीत. "जमीन पायाला कळाया पायजे, मंग बंदूक," असं ते म्हणत म्हणे. ते सांगताना सदाचा आवाज बदलायचा.

मी मूळचा संशयी नव्हतो, असं मला वाटतं. सदाच्या संगतीत झालो. दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी वस्तू उलटी करून बघायची, लेबलाच्या आत काय आहे ते विचारायचं, जो फार खात्री देतो त्याच्यापासून चार पावलं मागे सरायचं. हे सगळं मी त्याच्याकडून शिकलो आणि त्याचा मला अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाची सहल एका वाडीत गेली होती. सदा आला तो दोन पायांत दोन वेगळे बूट घालून. डावा तपकिरी, उजवा करडा. ते सगळ्यांआधी मी पाहिलं आणि अशी आयती संधी सोडणारा मी नव्हेच. "अरे बघा बघा, बुटांचा डॉक्टर! सकाळी दिवे गेले होते काय रे दार्सैतला?" सगळे खो खो हसले. कुणीतरी फोटो काढला आणि तो मंडळाच्या ग्रुपवर फिरला. पुढे वर्षभर, तो दिसला की मी आधी त्याच्या पायांकडे बघून मग "या" म्हणायचो. तो हसायचा. त्या सहलीनंतर तो आमच्याबरोबर डोंगरात यायचा बंद झाला. शुक्रवारी पहाटे आपली जुनी पिकअप घेऊन एकटाच कुठेतरी जायचा आणि दुपारी उशिरा दमून आमच्याकडे जेवायला यायचा. कुठे गेला होतास विचारलं की म्हणायचा, "आसंच." कुणाबरोबर? "मी नि माजे पाय."

हा "आसंच" मला खुपायला लागला. एकदा त्याच्या पिकअपमधून माशांची पिशवी काढताना मागे गोणपाटाखाली एक क्रेट दिसला. त्यात पाच बूट होते. पाच. एकाचाही जोडीदार नव्हता. एका बुटाच्या आत टाचेपाशी रक्त वाळून काळं झालेलं होतं, आणि बाजूला लहान, बाकदार पात्याचा चाकू. मी विचारलं, "हे काय रे?" त्याने घाईघाईने गोणपाट ओढलं. "दुकानातलं हाय. ऱ्हाऊ दे." सदाला घाई करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग माझं डोकं चालू झालं. शिकारीच्या दुकानातला माणूस, डोंगराची खडान्‌खडा माहिती, दर शुक्रवारी एकटा, रक्त, चाकू... जबलवर हरणं मारताना कुणाकुणाला धरल्याच्या वावड्या तेव्हा उठतच होत्या. मला वाटलं, हा कुणातरी बड्या हौशी माणसाला वाटा दाखवतोय. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं तसं मला झालं. तो जेवताना वडिलांनी धरलेल्या घोरपडीची जुनी गोष्ट सांगायला लागला की मी विषय बदलायचो. इराला त्याच्या पिकअपमधून चक्कर मारायची असायची, मी नाही म्हणायचो. मृणालने एकदोनदा विचारलं, "तुझं नि सदाभावजींचं काही बिनसलंय का?" मी म्हटलं, काही नाही. तिला सांगायला माझ्याकडे होतंच काय? पाच बूट आणि वाळलेलं रक्त.

यंदा जूनमध्ये इराच्या शाळेत पालकसभा होती. सदाच्या दुकानाच्या मॅनेजरची मुलगीही त्याच शाळेत. चहाच्या टेबलापाशी तो भेटला. माणूस वाईट नाही. नवा आहे, कामाच्या बाबतीत कडक आहे. म्हणाला, "तुमचे पाष्टे सुट्टीच्या दिवशी कुठे जातात हो? स्टॉकमध्ये काही बूट एकेकटे गायब दिसतात." मी नुसते खांदे उडवून निघून येऊ शकलो असतो. किंवा म्हणू शकलो असतो की सदाला विचारा, तो एकवीस वर्षं तुमच्या दुकानात आहे. मी म्हटलं, "मला नक्की ठाऊक नाही. पण त्याच्या गाडीत एकेकटे बूट असतात खरे. एकावर रक्त होतं." एवढीच तीन वाक्यं. वर हेही म्हणालो की माझं नाव घेऊ नका.

पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सदाचं येणं कमी झालं. दर शुक्रवारचा तो महिन्यातून एकदा येऊ लागला, तोही जेवून लगेच उठायचा. मी मनाशी म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं. म्हण मला बरोबर आठवत होती, चोर तेवढा चुकीचा धरला होता.

आमची शेवटची भेट गणपतीत, मंडळाच्या महाप्रसादाला. पानावरून उठलो तर तो हात धुवायच्या नळापाशी उभा. म्हणाला, "इरा सांगत व्हती, नोव्हेंबरात बापलेक जबल शम्सला जानार. पायात काय घालनार हायस?" मी तुटकपणे म्हटलं, "आहेत जुने." "कवाचे जुने?" "चार वर्षं झाली असतील. कपाटातच आहेत." "मंग मेले त्ये," तो म्हणाला. मला वाटलं, हा बुटांचं बोलतोय पण माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी शोधतोय. मॅनेजरला कुणी सांगितलं याचा अंदाज घेतोय. मी नळ बंद केला आणि गर्दीत निघून आलो. तो मागून काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं... महिन्याभराने तो गेला.

कागदपत्रांची धावपळ आम्ही केली, सदा गावी पोहोचला. तीन आठवड्यांनी रफीकभाईने बोलावलं: खोली आवरायची आहे, सामान गावी पाठवायचं आहे, तुम्ही हजर असलेलं बरं. रफीकभाई दापोलीकडचा, मसाल्याचा छोटासा धंदा करणारा. सतरा वर्षं ते दोघं त्या खोलीत राहिले. एकाच्या कोपऱ्यात गणपतीची तसबीर, दुसऱ्याच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं नमाजाचं जानमाज. मी गेलो आणि खरं सांगतो, ट्रंक उघडताना मनात एकच होतं. शिंग निघेल, कातडं निघेल, निदान काडतुसांचं खोकं तरी. मनाच्या एका कोपऱ्यात ते निघावं असंही वाटत होतं, म्हणजे मी खरा ठरलो असतो.

ट्रंकेत चार कपडे होते, सुनीतावहिनींसाठी घेतलेली, घडी न मोडलेली एक साडी, आणि वह्या. सात जाड वह्या. अर्ध्या वह्यांत गिऱ्हाइकांच्या पायांच्या आखलेल्या कडा, नाव आणि कुठे चालणार ते. उरलेल्या वह्यांत दर शुक्रवारची नोंद, त्याच्या बाळबोध अक्षरात. एक पान मला पाठ झालंय. "डाव्या पायात नवा तपकिरी. उजव्यात करडा. चार तास. कोरडं: दोन्ही बरे. ओलं: डावा दोनदा सरकला. उजव्याने टाच फाडली, रक्त. तळात अडकलेले दगड चाकूने काढायला डाव्याला वेळ लागतो. करडा वाळूवाल्यांना द्यायचा, वाडीवाल्यांना दोन्ही नाही."

मी ते दोनदा वाचलं. रफीकभाई माझ्याकडे बघत होता. "तुमाला ठावं नव्हतं? एका पायात एक कंपनी, दुसऱ्या पायात दुसरी. तसं चाललं तरच फरक समजतो, बोलायचा. मांडणीतला नमुन्याचा बूट एक्केचाळीसचा असतो नि त्याचा पाय पन एक्केचाळीस. अल्लानं मला दुकानासाठीच बनवला, असं मला चिडवायला बोलायचा. दुकानाचा मालक, म्हातारा अर्बाब, त्याची परवानगी होती. नव्या मॅनेजरला नव्हतं ठावं."

"पण हे लपवायचं काय होतं त्यात?" मी विचारलं.

रफीकभाईने मान खाली घातली. "लोक हसतात बोलायचा. सहलीला गेलेलात ना तुमी सगळी..."

मग त्याने बाकीचंही सांगितलं. त्या सहलीच्याही आधी जबलवरचा एक म्हातारा बकऱ्यांचा मालक बूट घ्यायला आला होता. कंपनीच्या माणसाने आदल्याच आठवड्यात येऊन नव्या बुटाची वारेमाप तारीफ केली होती; सदाने त्याच्या शब्दावर, आयुष्यात पहिल्यांदाच, तो बूट न तपासता म्हाताऱ्याला दिला. ओल्या दगडावर म्हातारा घसरला आणि नडगी मोडली. दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन परत आला, तो भांडायला नव्हे. मुलासाठी बूट घ्यायला. म्हणाला, तू देशील तो दे, तुझ्यावर भरवसा आहे. "त्या दिशी सदा जेवला नाय," रफीकभाई म्हणाला. "तो शिव्या देता तर बरं झालं असतं, बोलायचा. तेव्हापासून सवता घालून चालल्याबगर एक बूट विकला नाय त्यानं."

मी विचारायला नको होतं. पण विचारल्याशिवाय तिथून उठताही आलं नसतं. "मॅनेजरने काही केलं का... जूनमध्ये?"

"केला ना. दुकानाच्या मागं, सगळ्या पोरांसमोर, त्याची पिकअप उघडायला लावली. एकेक बूट काढून जमिनीवर मांडला. सदा उभा. नंतर अर्बाबला फोन लावला, तो बोलला मीच सांगितलंय त्याला, सोडा. मॅनेजरनं सॉरी बोलला. पन झालं ते झालं ना अविभाई."

"कुणी सांगितलं होतं, ते सदाला..."

"त्याच दिशी. रक्ताचा बूट तुमच्याबगर कुनी बघितलाच नव्हता."

खाली रस्त्यावर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. माझ्या हातातली वही मला बंद करता येईना. जूननंतर हा माणूस माझ्या घरी चार वेळा जेवला होता. मासे घेऊन आला होता. माझ्या मुलीचा अंगठा चाचपून, नवे बूट घ्या म्हणून सांगून गेला होता.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"मी लई तापलो होतो. बोललो, हा कसला दोस्त? तर हसला. बोलला, संशय घ्यायला मीच शिकवला त्याला. चूक माझी पन हाय, मी गोणपाट ओढलं." मग रफीकभाई उठला आणि आपल्या खाटेखालून एक खोकं काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. "हे तुमचं. गणपतीनंतर आणलं होतं. अविला देतो बोलायचा, पन तुमच्याकडं यायला पाय उचलत नव्हता त्याचा."

खोक्यात दोन बूट होते. डावा तपकिरी, उंच घोट्याचा, कडक तळाचा. उजवा करडा, हलका. उजवा चव्वेचाळीस, डावा अर्ध्या नंबराने मोठा. नाड्या त्याने स्वतः ओवलेल्या, घोट्यापाशी त्याची ती दुहेरी गाठ. चव्वेचाळीसचा बूट त्याला घालून बघता येणं शक्य नव्हतं. त्याचा पाय त्यात डुलला असता. उजव्या बुटाच्या आत पुठ्ठ्याचा तुकडा खोचला होता, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: "अवी. जबल शम्स, इराबरोबर. एका शुक्रवारी दोन्ही घालून चाल, मग सांग. जो बरा त्याची जोडी काढून ठेवतो."

मी रफीकभाईसमोर रडलो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, परक्याच्या खाटेवर बसून, बूट मांडीवर घेऊन रडलो. त्याने स्टोव्हवर चहा ठेवला, त्यात गवती चहा घातला आणि पेला माझ्या हातात दिला.

गेल्या शुक्रवारी मी ते दोन्ही बूट घालून अल अमेरातच्या मागच्या डोंगरात गेलो. एकटाच. वाडीच्या तोंडाशी एक भारतीय कुटुंब चटई पसरून बसलं होतं. त्यातल्या एका गृहस्थाने माझ्या पायांकडे बोट दाखवून बायकोला काहीतरी सांगितलं आणि ती सगळीच हसली. मीही हसलो. हसायला किती जड जातं हे तेव्हा कळलं. चार तास चाललो, त्याने चालला असता तसा: आधी कोरड्या गोट्यांवरून, मग जिथे पाणी होतं तिथून, मग धारदार दगडांच्या चढावर आणि त्याच वाटेने खाली.

घरी आलो तेव्हा मृणाल स्वयंपाकघरात होती. मी दाराशेजारच्या रॅकपुढे, तो बसायचा तिथेच, उकिडवा बसलो आणि बूट काढले. उजवा मोजा टाचेपाशी लाल झाला होता. इरा बाहेर आली, तिने एकदा बुटांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाबा, सदाकाकाचे आहेत हे?" मी मान हलवली. ती खाली बसली, तिने डाव्या बुटाच्या पुढच्या टोकावर अंगठा दाबून पाहिलं, अगदी त्याच्यासारखं, आणि आत गेली.

दाराशी मी एकटाच होतो. पुठ्ठ्याचा तो तुकडा अजून खिशात होता. मी मोठ्याने म्हटलं, "सदा, उजवा टाचेला चावतो. चढावर हलका वाटतो पण ओल्यावर भरवसा नाही. डावा उतारावर धरतो, बोटं पुढे जात नाहीत. डाव्याची जोडी काढून ठेव." एवढं झालं तरी उठता येईना. सांग म्हणाला होता, आणि सांगायचं अजून संपलं नव्हतं. "आणि मॅनेजरला ते मी सांगितलं. माझं नाव घेऊ नका असंही मीच सांगितलं."

"कुणाशी बोलतोयस रे?" मृणालने आतून विचारलं.

"सदाशी," मी म्हटलं. ती हात पुसत दारात आली, आणि माझ्या मोज्यावरचं रक्त पाहून खाली बसली. मग पालकसभेपासूनचं सगळं मी तिला सांगितलं.